घाट चढून आल्यावर ऑइलचा दिवा लुकलुकतो: पंप बदलावा का?

घाटवाट:
नमस्कार. माझ्याकडे १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची गाडी असून ती १ लाख ३८ हजार किलोमीटर चालली आहे. मागच्या महिन्यात पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढून आनेवाडीच्या टोलनाक्यावर रांगेत थांबलो असता डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागला. थोडी रेस दिली की तो विझतो आणि पाय उचलला की पुन्हा लुकलुकतो. सकाळी थंड इंजिनावर मात्र काहीही जाणवत नाही. डिपस्टिकवर ऑइल दोन्ही खुणांच्या मधोमध आहे. चार महिन्यांपूर्वी गळतीसाठी चेंबर (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) उतरवून पुन्हा बसवले होते, एवढेच काय ते काम झाले आहे. एका मेकॅनिकच्या मते ऑइल पंप गेला आहे, तर दुसरे म्हणतात की पुस्तिकेतल्या ५डब्ल्यू-३० ऐवजी २०डब्ल्यू-५० हे अधिक दाट ऑइल टाका आणि निर्धास्त चालवा. यांपैकी कोणाचे ऐकावे, आणि पंप खराब असेल तर तो थंड असताना ठीक कसा चालतो, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

जुना फिटर:
सर्वप्रथम एक विनंती, दिवा लागलेला असताना गाडी चालवू नका; बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा.

आता पंपाविषयी. आपल्यासारख्या बहुतेक इंजिनांत क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) पुढच्या टोकावर रोटर पंप असतो. आतला रोटर बाहेरच्या रिंगपेक्षा एका दाताने कमी असतो, त्यामुळे फिरताना दोघांमधली पोकळी एका बाजूला वाढते आणि तिथे चेंबरमधले ऑइल जाळीतून ओढले जाते. दुसऱ्या बाजूला ती पोकळी आक्रसते आणि ऑइल फिल्टरकडे ढकलले जाते. पंप प्रत्येक फेऱ्याला ठरावीक ऑइल पुढे देतो, दाब मात्र तो स्वतः निर्माण करत नाही. ते ऑइल क्रँकला आधार देणाऱ्या मेन आणि पिस्टनच्या दांड्यांना क्रँकशी जोडणाऱ्या बिग एंड बेअरिंगच्या फटींतून, म्हणजे मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढ्या जागेतून, वाट काढत जाते आणि त्या अडथळ्यामुळे दाब तयार होतो. ५डब्ल्यू-३० ऑइलचा दाटपणा ४० अंशांना जेवढा असतो, त्याच्या साधारण एक षष्ठांशच तो १०० अंशांना उरतो. घाट चढून तापलेले इंजिन आयडलिंगवर (रेस न देता संथ फेऱ्यांवर) आले की ऑइल सर्वांत पातळ आणि पंपाचे फेरे सर्वांत कमी, अशा दोन्ही गोष्टी एकत्र येतात. म्हणून कोणतीही उणीव असली तरी ती तिथेच आधी दिसते.

डॅशबोर्डवरचा दिवा दाब मोजत नाही. दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे दाबाचे एकक) खाली गेला की स्विच त्याला पेटवतो, इतकेच. तेव्हा पंपाला हात लावण्याआधी तो स्विच काढून त्या जागी काट्याचा प्रेशर गेज लावून घ्या आणि इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलिंगला व मिनिटाला ३००० फेऱ्यांना आकडे लिहून ठेवा. बऱ्याच इंजिनांत आयडलिंगला १ बारच्या आसपास आणि ३००० ला ३ बारच्या वर दाब मिळतो, तरी अंतिम आकडा आपल्या सर्व्हिस मॅन्युअलचाच धरावा. गेजवर दाब नीट असेल तर दोष स्विचचा किंवा वायरिंगचा. आयडलिंगला कमी पण रेस केल्यावर भरपूर दाब मिळत असेल तर बेअरिंगची किंवा पंपाची झीज तपासावी लागेल. रेस करूनही काटा वर जात नसेल आणि थरथरत असेल तर पंपाला ऑइल ओढायलाच अडचण होत आहे, असे समजा. जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याने अर्धवट उघडा अडकला तरी दाब चढत नाही, म्हणून तोही पाहावा. चेंबर उतरवल्याचे आपण सहज लिहिले आहे, पण माझे लक्ष तिथेच गेले.

किनारपट्टी:
दाट ऑइलच्या सल्ल्याविषयी कळकळीने लिहिते. माझ्या वडिलांच्या गाडीत असेच दाट ऑइल घातले होते. दिवा विझला, सर्वांना बरे वाटले आणि दीड महिन्याने इंजिनातून ठोके येऊ लागले. बिग एंड बेअरिंगवरचा पांढरा थर निघून आतले तांबूस अस्तर दिसत होते, क्रँक ग्राइंड करावा लागला आणि इंजिन पूर्ण बांधावे लागले. जाळी तुंबलेली असेल तर दाट ऑइल तिच्यातून आणखी कष्टाने ओढले जाते, विशेषतः सकाळी. शिवाय दिव्याचा इशाराही बंद होतो.

घाटवाट:
जुना फिटर यांनी सांगितल्याप्रमाणे गेज लावला. गरम इंजिनावर आयडलिंगला ०.४ बार आणि ३००० फेऱ्यांना जेमतेम १.३ बार मिळाले. काटा सतत थरथरत होता. चेंबर उतरवले तेव्हा जाळीचा अर्ध्याहून अधिक भाग करड्या सीलंटच्या पट्ट्यांनी झाकलेला होता. त्या बोटाने सोलून निघाल्या. जाळीपासून पंपाकडे ऑइल नेणाऱ्या सक्शन पाइपची ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) चपटी होऊन प्लास्टिकसारखी कडक झाली होती. एका बेअरिंगची कॅप उघडून पाहिली, पृष्ठभाग सुदैवाने गुळगुळीत आहे. जोडताना काय सांभाळावे?

जुना फिटर:
आपण वेळेवर थांबलात, याचे मनापासून समाधान वाटले. सीलंटची रेघ बारीक आणि बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने सलग ओढा. जाड ओढली की जास्तीचे सीलंट आत पिळले जाते आणि सुकून तुटल्यावर थेट जाळीवर जाऊन बसते. चार महिन्यांपूर्वी तेच घडले असणार. ओ-रिंग नवीन आणि मूळ मापाचीच घ्या, कारण तिथून हवा ओढली गेली तर जाळी स्वच्छ असूनही काटा थरथरतच राहील. पंपही उघडणार असाल तर रोटरच्या दातांमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) आणि बाजूची फट सरळ पट्टी ठेवून मोजा. मापे मर्यादेत असतील तर पंप बदलण्याचे कारण नाही.

बंद करण्याआधी रोटरभोवती व्हॅसलीन भरा. ग्रीस नको, ते ऑइलमध्ये नीट विरघळत नाही. कोरडा पंप हवाच फिरवत बसतो आणि तेवढ्या वेळात बेअरिंगला ऑइल मिळत नाही. फिल्टर उभा बसत असेल तर तो आधी ऑइलने भरून लावा. नंतर फ्युएल पंपाचा फ्यूज काढून, गेज जोडलेला ठेवून, दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा आणि काटा हलल्यावरच फ्यूज परत बसवा.

घाटवाट:
काल काम पूर्ण झाले. तिसऱ्या वेळी स्टार्टर मारल्यावर काटा उचलला. घाट चढून आल्यावर आयडलिंगला १.१ बार आणि ३००० ला ३.५ बार दाब मिळाला, काटा स्थिर होता. ऑइल ५डब्ल्यू-३० च भरले आहे. सीलंटचा एखादा तुकडा आत राहिला असेल या शंकेने १००० किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदलणार आहे, आणि तेव्हा जुना फिल्टर कापून आत काय सापडते ते इथे लिहीन.