मायक्रोवेव्ह घरात आला, पुढं काय झालं? मराठवाड्यातले अनुभव

दिवाळीत भावानं आईला मायक्रोवेव्ह घेऊन दिला. संक्रांतीला लातूरला गेले तर ओव्हनच्या आत खारोड्यांचा डबा, बीपीच्या गोळ्या आणि दोन लग्नपत्रिका. वर क्रोशाचं कव्हर, कव्हरावर गणपती. विचारलं तर म्हणते, "अगं, मुंग्या शिरत नाहीत त्यात. लई चांगलं कपाट हाय."

मग एक दुपार तिला शिकवायला बसले. तिच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मलाच येईनात. स्टील का चालत नाही? भाकरी वातड का होते? लाइट गेली तर इन्व्हर्टरवर लावू का? सोबतच्या पुस्तिकेत केकच्या पाककृती सतरा, आणि आपली वीज, आपला उन्हाळा, आपलं जेवण यावर अवाक्षर नाही. म्हणून हा धागा. काय फुटलं, काय जळलं, काय जमलं, मोकळेपणानं लिहा. कंपन्यांची नावं नकोत, उगाच भांडणं लागतात.

सुरुवात माझ्यापासून. होळीच्या दुसऱ्या दिवशी शिळ्या पुरणपोळीला १ मिनिट लावलं. बोट लावून पाहिलं तर पोळी कोमट. घास घेतला आणि टाळू पोळली, दोन दिवस भातसुद्धा झोंबत होता. गुळाचं ओलं सारण वरच्या पापुद्र्यापेक्षा कितीतरी लवकर तापतं. आता एका पोळीला २० सेकंद, मग २ मिनिटं तशीच ठेवायची, मग तूप.

परभणी, गृहिणी

माझं वांगं सांगते. गॅस संपलेला, दुसरी टाकी आलेली नव्हती, आणि घरात भरताचं चांगलं मोठं वांगं. म्हटलं आज यातच भाजू. तेलाचा हात लावला, काचेच्या ताटलीत ठेवलं, ६ मिनिटं दिली. चौथ्या मिनिटाला बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला. दारातून बघतेय तर साल ताणून चकचकीत झालेली आणि देठाजवळ फुगा आलेला. बंद करायला हात पुढं करेपर्यंत फट्ट! छतापासून दाराच्या काचेपर्यंत बियाच बिया. सासूबाई देवघरातून ओरडल्या, "वांगं गेलं का मशीन गेली?"

वांगंच गेलं. वाफ सालीखाली कोंडते, तिला वाट पाहिजे. आता सुरीनं ८-१० ठिकाणी टोचते. बटाटा, रताळं, टोमॅटो, सगळ्यांना तोच नियम. कवचासकट अंडं तर नाहीच, पण उकडून सोललेलं अंडंही गरम करू नका. माझ्या भाच्यानं केलं होतं. आत काही झालं नाही, ताटात घेऊन चमचा लावला तेव्हा फुटलं. चष्मा होता म्हणून डोळा वाचला.

भरताला निखाऱ्याचा वास येत नाही, हे खरंय. मी शिजलेलं वांगं सोलून वाटीतल्या कोळशाची धुनी देते. ओव्हनच्या बाहेर, ओट्यावर. आणि त्या बिया निघाल्या कशा, तर काचेच्या वाडग्यात पाणी आणि लिंबाच्या फोडी घालून ५ मिनिटं चालवलं, दार न उघडता आणखी ५ मिनिटं थांबले, मग ओल्या फडक्यानं पुसलं.

हिंगोली

भाकरी गरम करू नका. कशीच करू नका. एवढंच सांगायचं होतं.

सेलू

होते की! ओलसर फडक्यात गुंडाळून १५ सेकंद, आणि लगेच खायची. गार झाली की चपलेचं कातडं, त्याला इलाज नाही, कारण आतलं पाणीच निघून गेलेलं असतं. तवाच बरा, मान्य. पण ऑफिसात डबा खाणाऱ्यानं तवा कुठून आणायचा?

हिंगोली

कडक भाकरी न्यायची. गरम करायचा प्रश्नच नाही.

छत्रपती संभाजीनगर, दुरुस्तीचं दुकान

रोजचंच काम आहे, त्यामुळं जरा लांबण लागेल.

आत मॅग्नेट्रॉन नावाचा भाग असतो. तो २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो, एका लहरीची लांबी साधारण १२ सेंटीमीटर. त्या पत्र्याच्या भिंतींवर आपटून परत फिरतात, त्यामुळं आतल्या काही जागा जास्त तापतात आणि काही थंडच राहतात. बघायचं असेल तर फिरणारी काच काढा, मधल्या फिरकीला लागणार नाही अशी खोलगट काचेची ताटली पालथी घाला, तिच्यावर उडदाचे पापड पाण्याचा हात लावून पसरा आणि ३०-४० सेकंद चालवा. पापड ठिपक्याठिपक्यांनी पांढरे फुलतात आणि मधले पट्टे कच्चेच राहतात. ठिपक्यांमधलं अंतर मोजलं तर तीन-चार बोटं भरतं, लहरीच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून तर काच फिरती ठेवतात. भाजी मधून एकदा ढवळायची आणि बाहेर काढल्यावर २ मिनिटं झाकून ठेवायची, तेही यासाठीच.

स्टीलची वाटी ठेवली की स्फोट होतो, असं लोक सांगत फिरतात. तसं होत नाही. लहरी स्टीलवरून परत फिरतात, त्यामुळं वाटीतलं अन्न फक्त वरून तापतं. आणि वाटीचा काठ भिंतीजवळ गेला की ठिणग्या. सोनेरी किनारीचे कप, अॅल्युमिनियमची फॉईल, स्टेपलरची पिन, यांच्या ठिणग्या जास्त वाईट, कारण ते पातळ आणि टोकदार असतं. जाळीची घडवंची सोबत मिळते ती ग्रिल आणि कन्व्हेक्शनसाठी (म्हणजे गरम हवेनं भाजायची सोय). साध्या मायक्रोवेव्हवर ती बाहेर.

गिऱ्हाईक सगळ्यात जास्त सांगतं ते "आत चमकायलंय, कडकड आवाज यायलाय." बहुतेक वेळा आतल्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा दिसणारा अभ्रकाचा चौकोन असतो, तो खराब झालेला निघतो. त्याच्यावर फोडणीचं तेल उडतं, जळून काळं होतं आणि काळ्या जागी ठिणगी पडते. तुकडा स्वस्त असतो, मापानं कापून बसवता येतो. तसंच रेटत राहिलात तर मॅग्नेट्रॉनवर बेतेल, तो मात्र महाग. रिकामा ओव्हन चालवणं हाही त्याच्या जिवावरचाच खेळ. लहान मुलं बटणं दाबत असतील तर आत पाण्याचा पेला ठेवून द्या.

आता महत्त्वाचं. मागचं कव्हर घरी उघडू नका, व्हिडिओ बघून तर नाहीच. आतल्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, २००० व्होल्टच्या पुढं दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो साठून राहू शकतो. टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला हे माहीत असेलच असं नाही, आधी विचारा. मी शिकत होतो तेव्हा उस्तादांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "एक हात खिशात." दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो.

अंबाजोगाई, निवृत्त शिक्षक

वरच्या भाऊंनी छान सांगितलं. किरणोत्सर्गाचं भय अजून कुणी काढलं नाही, म्हणून मी काढतो. आमच्या शेजारणीनं सुनेला दिवस गेल्यावर ओव्हन थेट माळ्यावर टाकला.

या लहरी रेडिओच्या भावकीतल्या, क्ष-किरणांच्या नव्हेत. त्या अणूची मोडतोड करत नाहीत, अन्नात राहूनही जात नाहीत. दार उघडताच मॅग्नेट्रॉन बंद होतो, दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही तसं. दाराच्या काचेतली जाळी बघा, भोकं जेमतेम मिलिमीटरभराची. १२ सेंटीमीटरची लहर त्यातून बाहेर पडत नाही, उजेडाची लहर फार बारीक, म्हणून आपल्याला आतलं दिसतं. मात्र दार वाकलं असेल, बिजागरी ढिली झाली असेल, काच तडकली असेल, तर वापर बंद. दारावर ओला टॉवेल वाळत घालणारी घरंही मी पाहिली आहेत, त्या वजनानं बिजागरी उतरते.

गंमत म्हणून एक. १९४५ साली अमेरिकेत रेथिऑन कंपनीत रडारच्या मॅग्नेट्रॉनवर काम करताना पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातली गोळी-वडी वितळली, तिथून हे सुरू झालं. १९४७ चा पहिला विक्रीचा ओव्हन माणसाएवढा उंच आणि ३४० किलोंच्या आसपास वजनाचा होता. ओट्यावर मावणारा यायला १९६७ उजाडलं. मुलांना हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, "सर, खिशाला काय झालं?"

बीड

आमचं दुखणं विजेचं. जुनं घर, स्वयंपाकघरात ६ अँपिअरचंच सॉकेट. ओव्हन ८०० वॉटचा म्हणून बिनधास्त लावला. ८०० हे आतल्या लहरींचं माप, भिंतीतून तो १२००-१३०० ओढतो, हे मागच्या पट्टीवर छापलेलं असतं. वाचतो कोण! त्यातून एक्स्टेंशन बोर्ड. महिन्याभरात जळकट वास, बोर्डाचं प्लॅस्टिक मऊ पडलेलं. आता १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र वायर, मध्ये काही नाही. कन्व्हेक्शनवाला तर याहून जास्त ओढतो. इन्व्हर्टरचा विचारही नको, ८०० व्हीएचा बिचारा ओव्हन चालू होताच कोकलतो.

दुसरं अर्थिंग. एप्रिलमध्ये ओव्हनच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या यायच्या. वायरमन आला, खड्डा बघितला, म्हणाला, "ह्याला पाणी कोण घालणार?" आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, खड्डा कोरडा पडला की अर्थ नावालाच उरतो. आता आठवड्यातून एकदा तुळशीबरोबर अर्थिंगलाही तांब्याभर पाणी असतं, जरा जास्तच.

आणि शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं. तेव्हा २ मिनिटांत उकळणारं दूध कोमटच राहतं. ओव्हन बिघडला म्हणून दोनदा दुकानात नेऊन आणला मी.

नांदेड

माझ्या मनगटावर अजून डाग आहे. सकाळी गुळगुळीत काचेच्या मगात फिल्टरचं पाणी ३ मिनिटं लावलं, विसरले, परत २ मिनिटं लावलं. बाहेर काढलं तेव्हा पाणी एकदम शांत, बुडबुडा नाही. कॉफीची पूड टाकली आणि निम्मा मग अंगावर उसळला. पाणी उकळण्याच्या पुढं तापतं, पण बुडबुड्याला धरायला जागा नसली की गप्प राहतं, आणि धक्का लागला की एकदम उठतं. आता आधीच मगात लाकडी चमचा ठेवते आणि चालू करून निघून जात नाही.

टूथपेस्ट लावायला निघाले होते, वहिनी नर्स आहे, तिनं हात धरून २० मिनिटं वाहत्या नळाखाली ठेवला. टाकीतलं पाणी संपतंय म्हणून माझा जीव खालीवर. ती म्हणाली, "पाणी पुन्हा येईल, कातडी नाही."

जालना, खोलीवर राहतो

वर्तमानपत्रात बांधलेला वडापाव तसाच ठेवला. दीड मिनिटात धूर, मग ज्वाळ. मी दार उघडलं. तेच चुकलं. हवा मिळाली आणि भडका. पार्टनरनं दार लाथेनं लावलं आणि प्लग ओढला, अर्ध्या मिनिटात विझलं. दार बंद ठेवायचं, वीज तोडायची, थांबायचं. घरमालकाला अजून माहीत नाही.

उदगीर, ७ महिन्यांच्या बाळाची आई

बाटली गरम करू नका, बाहेरून गार लागते आणि मधलं दूध चटका देतं. मी कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली बुडवते. बस.

धाराशिव

शिळ्या भाताचं लिहिते. मे महिना, रात्रीचा भात ओट्यावरच राहिला. सकाळी वाफ येईपर्यंत गरम केला, नवऱ्यानं दह्याबरोबर खाल्ला, दुपारपर्यंत उलट्या. मला वाटलं होतं, उकळलं की सगळं मरतं. डॉक्टरांनी समजावलं की भातात जे जंतू वाढतात त्यांचं विष गरम करूनही जात नाही. आता उरलेला भात पसरट डब्यात, उन्हाळ्यात तासाभराच्या आत फ्रीजमध्ये. गरम करताना शिंतोडाभर पाणी, झाकण तिरकं, मधून एकदा हलवायचं. झाकण काढताना तोंड लांब, ती वाफ वाईट भाजते.

आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात गरम करणाऱ्यांनो, नका. आमच्या डब्याचा तळ आमटीत उतरला. मेलामाइनची ताटंही नकोत.

लातूर, धाग्याची मालकीण

सगळं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. वांग्याला हसली, भाताला गप्प झाली. मग गणपती फ्रिजवर गेला आणि कव्हर निघालं, कारण वरच्या-मागच्या झरोक्यांतून गरम हवा बाहेर पडायला पाहिजे. भिंतीपासून वीतभर पुढंही ओढला.

आता ती त्यात रोज शेंगदाणे भाजते. चैत्रात गॅससमोर उभं राहायला नको म्हणून. वाटीभर दाणे पसरून, १-१ मिनिटाला थांबवून हलवायचे, तीन-चार मिनिटं. पहिल्यांदा बाहेरून फिके दिसले म्हणून तिनं आणखी दीड मिनिट दिलं. फोडून बघितला तर आतून काळा कोळसा, सगळा कूट कडू झाला. दाणा बाहेर काढल्यावरही आतल्या आत भाजत राहतो, म्हणून फिका असतानाच काढायचा.

तिचा एक प्रश्न उरलाय: खारोड्यांचा डबा आता कुठं ठेवायचा?