आई-बाबांना घेऊन ग्रीसचं बेट : कुठलं निवडावं?

प्रश्न :
आम्ही म्युनिकला असतो. आई-बाबा साताऱ्याहून येतायत. दोघंही सत्तरीच्या घरात, आईचे गुडघे दुखतात आणि ती पूर्ण शाकाहारी. सप्टेंबरात आठवडाभर समुद्राकाठी निवांत राहायचंय, धावपळ नको. जो तो सांतोरिनीच सुचवतो. ज्येष्ठांना घेऊन कुणी गेलं असेल तर सांगाल का?

उत्तर :
सांतोरिनी त्यांच्यासाठी नकोच. तिथली प्रसिद्ध गावं कड्यावर, जिकडेतिकडे पायऱ्या, आणि समुद्र पार खाली. नॅक्सोसला जा. आम्ही सासूबाईंना तिथंच नेलं होतं.

मुक्काम होरा गावात, आयोस योर्गिओस किनाऱ्यालगत घ्या. बाजार, बंदर, किनारा, सगळं पायी होतं. पाणी इतकं उथळ की बरंच आत गेलं तरी कमरेच्या वर येत नाही. पहिल्या दिवशी सासूबाई साडी वर धरून घोटाभर पाण्यात उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशी पंजाबी ड्रेस घालून पाण्यात बसल्या त्या तासभर उठेनात! आयोस प्रोकोपिओस दिसायला जास्त देखणा, होऱ्याहून बस जाते, पण तिथं पाणी लवकर खोल होतं.

सप्टेंबर उत्तम. जुलै-ऑगस्टात मेलतेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटला की वाळू पोटऱ्यांना टोचते. सप्टेंबरात त्याचा जोर ओसरत जातो आणि पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं.

अथेन्स विमानतळावरून मेट्रोची 3 नंबरची लाइन थेट पिरेअस बंदराला जाते. पुढे मोठी फेरीबोट घ्या, साडेपाच तासांच्या आसपास लागतात. वेगवान बोट लवकर पोचवते, पण वाऱ्यात फार हलते.

उत्तर :
ताई, जेवणाचं मी सांगतो. 'फावा' मागवा : पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं घट्ट वरणच, वर कच्चा कांदा, लिंबू आणि ऑलिव्ह तेल. 'गिगांतेस' म्हणजे टोमॅटोच्या रश्श्यात भट्टीत शिजवलेले मोठे पांढरे वाल. नॅक्सोसचे बटाटे ग्रीसभर नावाजलेले, तळलेले जरूर खा. भरल्या टोमॅटो-मिरच्यांत, म्हणजे 'गेमिस्ता'त, कधीकधी खिमा असतो, तेव्हा 'होरिस क्रेआस', मांसाशिवाय, असं आधी सांगा. आणि एक जपा : 'निस्तिसिमो' म्हणजे त्यांचं उपासाचं. त्यात मांस, दूध, अंडी नसतात, पण कोळंबी आणि माकुळ चालतात!

प्रश्न :
हे निस्तिसिमोचं माहीतच नव्हतं, खूप आभार. नॅक्सोस पक्कं. पोर्तारापर्यंत आई चालू शकेल का?

उत्तर :
पोर्तारा म्हणजे अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाची संगमरवरी चौकट, इ. स. पू. सहाव्या शतकातली. बंदरापासून बांधावरून वाट आहे, शेवटी चढ. वाऱ्याच्या दिवशी बांधावर लाटा येतात, सासूबाईंच्या चपला चिंब झाल्या होत्या. गुडघे कुरकुरत असतील तर चढू नका, धक्क्यावर थांबा. संध्याकाळी ती चौकट तिथूनही स्पष्ट दिसते.