ब्रेक वळणाआधी
घाटातल्या वळणावर बाइक बाहेर फेकली जाते असं लिहिलंय तुम्ही. ताम्हिणीत माझंही तेच व्हायचं. चूक एकच, वळणात शिरल्यावर ब्रेक मारायचो. वेग आणि गिअरचं काम आधीच उरकायचं. आत शिरलं की थ्रॉटल हलकासा उघडा आणि नजर वळण संपतं तिकडे. कठड्याकडे बघत राहिलात तर गाडी कठड्याकडेच जाते. डावीकडे वळायचं तर डावं हँडल हलकेच पुढे ढकलायचं. उलटं वाटतं खरं, पण मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगात करून बघा. उतारावर न्यूट्रल अजिबात नको.

आणि आयटी सोडायचं म्हणताय, ते मात्र रविवारी रात्री ठरवू नका! हिंजवडीत १४ वर्षं काढलीत मी. शुक्रवारी संध्याकाळी 'छोटासाच बदल आहे' असा मेसेज आला की मलाही राजीनामा सुचतो. गेल्या महिन्यात मुळशी धरणाच्या कडेला, हेल्मेट टाकीवर अन् लॅपटॉप मांडीवर ठेवून प्रॉडक्शनमधला, म्हणजे लोक वापरत असलेल्या चालू सॉफ्टवेअरमधला, बग काढला. रेंजची काडी एकच, तीही येऊनजाऊन. शेजारी मित्र कांदाभजी हाणत होते. माझ्या वाटेला एकही आलं नाही.