अमाल्फीचे जुने बंदर गेले कुठे?

दर्यासारंग (प्रश्न)
इटलीच्या नौदलाच्या ध्वजावर व्हेनिस, जिनोव्हा आणि पिसा या जुन्या सागरी सत्तांच्या बरोबरीने अमाल्फीचे चिन्ह आहे. सालेर्नोच्या आखातावरचे हे गाव आज सुमारे ५,००० वस्तीचे असून, नकाशात पाहिले तर मागे उभा डोंगर, मध्ये एक चिंचोळी दरी आणि पुढे लगेच समुद्र, एवढेच तेथे दिसते. अशा जागी सागरी सत्ता कशी उभी राहिली आणि तिचे बंदर कसे नाहीसे झाले? कोकणातल्या कित्येक खाड्या गाळाने भरून बंदरे निकामी झाली, तसेच तेथे घडले काय?

पाणकोंबडा
गाळाचा येथे संबंध नाही. गावाच्या पाठीशी लत्तारी डोंगररांगेतला चेर्रेतो हा १,३१५ मीटर उंचीचा डोंगर आहे आणि सपाट जमीन जवळजवळ नाहीच. आज जिच्यावर लिंबाच्या बागा दिसतात ती जमीनही दगडी बांध घालून, उतारावर टप्प्याटप्प्याने तयार केलेली आहे. पोटापुरते धान्य पिकत नसल्याने माणसे समुद्राकडे वळली, आणि ज्या कड्यांनी शेती नाकारली त्यांनीच जमिनीवरून येणाऱ्या शत्रूलाही अडवले. ८३८ मध्ये बेनेव्हेंतोचा राजा सिकार्ड याने गाव जिंकून रहिवाशांना सालेर्नोला नेले, परंतु पुढच्याच वर्षी त्याचा खून होताच ते परतले आणि स्वतंत्र झाले. त्यानंतर त्यांचा व्यापार कॉन्स्टँटिनोपल आणि इजिप्तपर्यंत पोहोचला. अकराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये ओतवून आणलेले काशाचे दरवाजे तेथील कॅथेड्रलला आजही आहेत.

बंदराचे म्हणाल, तर १३४३ च्या नोव्हेंबरात एका रात्री समुद्राने ते आणि गावाचा खालचा भाग गिळला. त्या वेळी नेपल्समध्ये असलेल्या पेट्रार्क या इटालियन कवीने त्या वादळाचे वर्णन पत्रात लिहून ठेवले आहे. अलीकडे पिसा विद्यापीठातल्या संशोधकांसह काही भूशास्त्रज्ञांनी स्त्राँबोली या ज्वालामुखी बेटाचा कडा समुद्रात कोसळून त्सुनामी आली असावी असे मांडले आहे. युद्धनौका बांधण्याच्या कमानदार दालनांपैकी थोडीच आता उरली आहेत. त्यांचा समुद्राकडचा भाग गेला.

जुने दफ्तर
वरील माहिती बरोबर आहे, परंतु तीवरून अमाल्फीचा अस्त त्सुनामीमुळे झाला असा समज होऊ नये. १०७३ मध्ये नॉर्मन सरदार रोबेर गिस्कार याने गाव ताब्यात घेतले, ११३१ मध्ये सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याने उरलेसुरले स्वातंत्र्य संपवले, आणि ११३५ व ११३७ मध्ये पिसाच्या आरमाराने ते लुटले. म्हणजे समुद्र आला तेव्हा सत्ता जाऊन दोन शतके उलटली होती. लाटेने नेले ते बंदर, राज्य नव्हे. प्रवासी पुस्तिकांना मात्र एका रात्रीत बुडालेले वैभव अधिक भावते.

तशीच गत फ्लाव्हिओ जोया या होकायंत्राच्या ‘शोधका’ची. बंदराजवळ त्याचा पुतळा असला तरी तो बहुधा एका स्वल्पविरामातून जन्मला आहे. ‘होकायंत्राचा उपयोग अमाल्फीत सुरू झाला, असे फ्लाव्हिओ सांगतो’ अशा अर्थाचे लॅटिन वाक्य १५११ मध्ये छापले गेले. त्यातला फ्लाव्हिओ म्हणजे इतिहासकार फ्लाव्हिओ बिओंदो. पण विराम सरकताच ‘फ्लाव्हिओने शोधले, असे सांगतात’ असा अर्थ निघाला आणि सांगणाऱ्याचा शोधक झाला. चुंबकसूची चीनमध्ये आधीपासून माहीत होती. अमाल्फीच्या खलाशांनी तिचा वापर सुधारला असेल, इतकेच म्हणता येते.

दर्यासारंग
दोघांचेही आभार. मग सत्ता गेल्यावर गावाचा चरितार्थ कशावर चालला?

पाणकोंबडा
बऱ्याच अंशी कागदावर. कान्नेतो ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या गिरण्यांत चिंध्या कुटून हातकागद केला जाई, आणि म्हणूनच त्या दरीचे नाव ‘गिरण्यांची दरी’ असे पडले. हे तंत्र अरबांशी असलेल्या व्यापारातून आले असे मानतात. १२३१ मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने सरकारी दस्तऐवज कागदावर लिहिण्यास बंदी घातली, कारण कागद चर्मपत्राइतका टिकाऊ मानला जात नव्हता; तरीही हा धंदा शतकानुशतके चालला. १९५४ च्या पुराने अनेक गिरण्या उद्ध्वस्त केल्या. एका जुन्या गिरणीत आता कागदाचे संग्रहालय आहे, आणि तो ओढा गावात शिरल्यावर दिसेनासा होतो, कारण मुख्य रस्ता त्याच्यावरूनच बांधलेला आहे.