भावाच्या नावाने ४० गाणी चढवतो म्हणते, रॉयल्टी ७०-३०... खरं असते का हे?

नंदनवनचा_भाऊ

नमस्कार मंडळी, अर्जंट आहे म्हणून इथं विचारून राहिलो. माझा लहान भाऊ भीमगीतं गाते, आवाज खरंच चांगला आहे. १४ एप्रिलच्या आधी मानेवाडा रोडच्या एका स्टुडिओत ६,००० देऊन त्याने एक गाणं रेकॉर्ड केलं, शब्द मामाचे, चाल त्याची स्वतःची. युट्यूबवर टाकलं, तेवीसशे व्ह्यूज आले, वस्तीत सगळ्यांनी स्टेटसला ठेवलं, इथपर्यंत ठीक. आता आठ दिवसांपासून एका माणसाचे फोन सुरू आहेत. तो म्हणते तुझ्या नावाने आम्ही ४० गाणी स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक सगळीकडे चढवतो, तुला गायचीही गरज नाही, गाणी तयार आहेत, प्लेही आम्हीच आणून देतो. तू फक्त पॅन, आधार, कॅन्सल चेक आणि १२,००० रजिस्ट्रेशन दे. रॉयल्टी तुझ्या खात्यात येईल, ३० टक्के तू ठेव, ७० टक्के आम्हाला युपीआयने परत पाठव. कोणाच्या तरी डॅशबोर्डचा फोटो पाठवला, त्यात महिन्याचे १,८४,००० दिसतात. बाबा आरडी मोडायला निघाले. मला यात काहीतरी गडबड वाटते पण नेमकी काय ते सांगता येत नाही, आणि भाऊ म्हणते तू माझं चांगलं होऊ देत नाहीस. शनिवारी तो माणूस कागद घेऊन घरी येणार आहे, त्याच्या आधी काय ते सांगा.

ढोलकी_ते_कन्सोल

भाऊ, आरडी मोडू देऊ नका, आधी हे पूर्ण वाचा. मी बारा वर्षं रेकॉर्डिंग करून राहिलो, माझ्याकडच्या तीन पोरांना असेच फोन आले. आधी पैसा येतो कुठून ते समजून घ्या. स्पॉटिफायसारख्या ॲपवर लोकांच्या सबस्क्रिप्शनचा आणि जाहिरातींचा पैसा एका गल्ल्यात जमा होतो आणि कोणाचं गाणं किती वाजलं त्या हिशोबाने तो वाटला जातो. ३० सेकंद वाजलं की एक प्ले धरतात. भारतात एका प्लेचे पैसे मिळतात, रुपये नाही. म्हणजे महिन्याला पावणेदोन लाख यायचे तर लाखोंनी प्ले लागतात, आणि कोणी ओळखत नसलेल्या पोराला ते खऱ्या माणसांकडून मिळत नाहीत, मशीनकडून मिळतात. आणि गल्ला तोच राहते ना, त्यामुळे मशीनने जे खाल्लं ते दुसऱ्या गाणाऱ्याच्या ताटातून गेलं, उद्या तुमच्या भावाच्याही.

आता ४० गाणी कशाला? एकाच गाण्यावर लाखो प्ले दिसले की लगेच पकडल्या जाते, म्हणून खूप गाण्यांवर थोडे थोडे पसरवतात. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये मायकल स्मिथ नावाच्या माणसावर हाच आरोप ठेवला. एआयने बनवलेली लाखो गाणी, हजारावर बनावट खाती, दिवसाला साडेसहा लाखांच्या वर प्ले होऊ शकतील असा त्याचा स्वतःचाच हिशोब, आणि रॉयल्टी १ कोटी डॉलरपेक्षा जास्त. त्याच्याही आधी २००९ मध्ये लंडन पोलिसांनी एक टोळी धरली होती, पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी आपलीच १९ गाणी आयट्यून्स आणि ॲमेझॉनवर टाकली आणि चोरीच्या क्रेडिट कार्डांनी आपणच विकत घेत बसले. तेव्हा डाउनलोड विकत घ्यायचे, आता प्ले वाजवतात, बाकी धंदा तोच.

हिंगण्याची_मैना

मी याच्यात फसलेली आहे म्हणून लिहिते. माझं प्रकरण थोडं वेगळं होतं, गाणं माझंच होतं, फक्त प्रमोशनसाठी ४,९९९ दिले, "१ लाख ऑर्गॅनिक स्ट्रीम गॅरंटी", म्हणजे खऱ्या माणसांचे प्ले. चार दिवसांत ३८ हजार प्ले झाले, मी आईला उठवून दाखवलं, इतका आनंद झाला होता. मग माझ्या मैत्रिणीने आर्टिस्ट ॲप उघडून शहरांची यादी पाहिली. नागपूर नाही, पुणे नाही, सगळे प्ले एका बाहेरच्या देशातल्या एका शहरातून, ऐकणारे फक्त ११ जण, आणि एकानेही गाणं सेव्ह केलेलं नाही. ११ माणसांनी ३८ हजार वेळा!! तीन आठवड्यांनी गाणी चढवणाऱ्या कंपनीचा मेल आला, आर्टिफिशियल स्ट्रीमिंग म्हणजे प्ले बनावट आहेत, दंड कापला आणि माझी चारही गाणी उतरवली, त्यात मी बाबा गेल्यावर त्यांच्यासाठी केलेलं एक होतं. ज्याला पैसे दिले त्याचा नंबर तेव्हापासून बंद आहे. दादा, भावाला हा मेसेज वाचायला द्या, तुमच्यावर चिडला असेल तर माझ्याकडून ऐकेल.

इतवारी_४४०

एवढं घाबरायचं कारण नाही, मोठे मोठे लोकपण व्ह्यूज विकत घेतात, सगळं असंच चालते. १२ हजारच तर आहेत.

ढोलकी_ते_कन्सोल

@इतवारी_४४० १२ हजार गेले तर गेले म्हणू भाऊ, पण इथं पोराचं नाव, पॅन आणि खातं चाललंय. मोठे लोक पकडले गेले तर वकील लावतात, हा पोरगा कोणाला लावणार?

पासबुक_काका

मी ३१ वर्षं बँकेत काढली, म्हणून खात्याचं तेवढं सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली. दुसऱ्याचा पैसा तुमच्या खात्यात येणार आणि तुम्ही त्यातला बहुतेक पुढे पाठवणार, याला बँकेत म्यूल खातं म्हणतात. येणारी रक्कम रॉयल्टीच आहे हे तुम्हाला कोण सांगते? तो माणूस सांगते. उद्या त्यात कोणाच्या फसवणुकीचा पैसा फिरवला तर तक्रार दुसऱ्या राज्यात होते, तिथल्या पोलिसांचं पत्र बँकेला येते आणि खातं गोठते, मग पगारही अडकतो आणि त्या ठाण्याला खेटे घाला. सगळीकडे नाव तुमच्या मुलाचं असेल, त्या माणसाचं कुठंच नाही, म्हणूनच तर त्याला तुमचं घर लागते. पूर्ण रक्कम मुलाच्या पॅनवर उत्पन्न म्हणून दिसेल ती वेगळीच. कागदपत्रं किंवा पैसे दिले असतील तर आजच बँकेत जा, आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा.

आणि कागदावर सही तर अजिबात नको. मामांचे शब्द आणि मुलाची चाल हा त्यांचा हक्क आहे, २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराच्या वाट्याची रॉयल्टी अशी लिहून घेता येत नाही, पण साध्या माणसाला ते माहीत नसते आणि तो सही करून मोकळा होतो. दोघांना आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हायला सांगा.

नंदनवनचा_भाऊ

सगळ्यांचे खूप आभार. काल तो माणूस आला होता. मी मैनाताईंचा मेसेज शुक्रवारी रात्रीच भावाला दिला होता, काही बोलला नाही, पण पॅन कार्ड कपाटातून काढलं नाही. तो बसल्यावर बाबा म्हणाले की त्या ४० मधलं एक गाणं ऐकव तरी. त्याने मोबाईलवर लावलं. स्क्रीनवर माझ्या भावाचा जयंतीचा निळ्या फेट्यातला फोटो, खाली त्याचंच नाव, आणि आवाज कोणाचा तरी, भाषापण धड मराठी नाही. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, हा माझ्या पोराचा आवाज नाही. त्यानंतर कोणाला काही बोलावं लागलं नाही, चहा न पिताच गेला तो.

फोटो त्याने युट्यूबवरून उचलला दिसते. कुठं गाणं चढवून तर नसेल ठेवलं ना? ते कसं तपासायचं ते कोणी सांगता का, आणि आयपीआरएसचा फॉर्म मामांना मोबाईलवर भरता येईल का? दसऱ्याला दीक्षाभूमीसाठी दोघं मिळून नवीन गाणं करून राहिले, त्याच्या आधी हे झालं पाहिजे.