मदत हवी आहे: गोमुखी दरवाज्याची लढाई टेबलावर कशी बसवू? (डी अँड डी, मिनी, टेरेन)

लोकहो,

आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स (फाशांवर चालणारा काल्पनिक साहसांचा खेळ, म्हणजेच डी अँड डी) याची पाचवी आवृत्ती खेळतो, २०१४चे नियम. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. खेळाडू पाच, पात्रं पाचव्या लेव्हलची. एरवी चौकटींच्या मॅटवर मार्करने रेघा मारून आमच्या मारामाऱ्या होतात आणि त्यात काही बिघडत नाही. पण मोहिमेचा शेवट एका डोंगरी किल्ल्यावर आहे, गॉब्लिन आणि बगबेअरांनी (छोटे आणि धिप्पाड राक्षस) तो बळकावलाय. ही लढाई मात्र टेरेन (जागेचा छोटा देखावा) मांडून, मिनी (पात्रांच्या छोट्या मूर्ती) हलवून करायची आहे.

किल्ला मुद्दाम आपल्या पद्धतीचा घेतलाय. खंदक आणि उचलत्या पुलाचा कंटाळा आला. रायगडाच्या महादरवाज्यासारखं गोमुख हवंय: दरवाजा दोन बुरुजांच्या कवेत लपलेला, जवळ जाईपर्यंत दिसायचाच नाही, वाट वळत आत जाते आणि वळणावर आलेल्याला वरून दोन्हीकडून मार. दिवाळीत किल्ला करून वाढलेल्या खेळाडूंना हे समजावून सांगावं लागणार नाही.

पुठ्ठ्याचा कच्चा नमुना डायनिंग टेबलावर मांडला तर अडचणी दिसायला लागल्या. एक इंचाची चौकट म्हणजे ५ फूट, तेव्हा १५ फुटी तट ३ इंच उंच होतो आणि बुरूज त्याहून वर. मधली वाट दोन चौकटींची. खुर्चीत बसलेल्याला वळणाच्या आतलं काही दिसत नाही, आणि मिनी हलवायला हात घातला की चर्या (तटाच्या माथ्यावरचे दात) आडव्या.

दुसरं म्हणजे रांग. वाटेत दोघंच शेजारी मावतात. फायटर आणि पॅलाडिन पुढे लढणार, मागचे तिघं आपला टर्न येईपर्यंत मोबाइल बघणार.

आणि विझार्डचा, म्हणजे जादूगार पात्राचा, फायरबॉल (आगीचा गोळा)! २० फूट त्रिज्या, मार ८ डी ६ (सहा बाजूंच्या आठ फाशांची बेरीज), सरासरी २८. गॉब्लिनला हिट पॉइंट (जीव) ७, म्हणजे सेव्ह (बचावाचा फासा) यशस्वी होऊन निम्मा मार बसला तरी तो गेलाच. २०१४च्या नियमात ही आग कोपऱ्यावरून वळतेसुद्धा. गोमुख बांधणाऱ्यांनी विझार्डचा विचार केला नव्हता हे उघड आहे.

शेवटी सामान. थर्माकोल घ्यावा का एक्सपीएस फोम? पुण्यात सध्या पाऊस धरून बसलाय. घरची अट एकच: रात्रीच्या जेवणाला टेबल मोकळं पाहिजे, म्हणजे सगळं सुटं करून उचलता आलं पाहिजे.

प्रतिसाद १
सामानाचं सांगतो. थर्माकोल कापला की दाणे सुटतात आणि घरभर होतात. एक्सपीएस घ्या, छताच्या इन्सुलेशनला वापरतात ते बोर्ड. ब्लेड धारदार ठेवा, बोथट झालं की कड फाटते. दगडांच्या रेघा बॉलपेनने दाबून काढायच्या. फॉइलचा बोळा करून वर दाबत फिरवला की खडबडीतपणा येतो, काळ्या पाषाणाला तो छान दिसतो.
स्प्रेचा रंग थेट मारू नका, त्यातलं द्रावण फोम खातं. आधी फेव्हिकॉल आणि काळा अ‍ॅक्रिलिक एकत्र करून ब्रशने दोन हात द्या, कवच कडक होतं. मिनींनासुद्धा या हवेत स्प्रे प्रायमर नको, दमटपणात पृष्ठभाग भुरकट, खरखरीत होतो. ब्रशने लावायचा प्रायमर बरा.

प्रतिसाद २
तट खऱ्या उंचीचा करायचा हट्ट सोडा. अर्धा इंच पुरे, त्यावर '१५ फूट' अशी चिठ्ठी टोचा. सगळ्यांना दिसेल आणि हातही जाईल. एक बुरूज तेवढा पूर्ण उंचीचा ठेवा, फोटोला. तोही मजल्यामजल्याने सुटा होईल असा करा.
रांगेवर उपाय म्हणजे तटावर चढायला कारण द्या. चढताना प्रत्येक फुटाला जादा एक फूट लागतो, म्हणजे ३० फूट वेगाचं पात्र १५ फूट चढून बरोबर फांजीवर (तटावरच्या वाटेवर) पोचतं आणि त्याची अ‍ॅक्शन (टर्नमधली मुख्य कृती) शिल्लक असते. रोग (चोर) आणि मंक (लढवय्या साधू) ही पात्रं तुमचे उपकार मानतील. ढकललं तर खाली, दर १० फुटांना १ डी ६.
फायरबॉलचा बंदोबस्त अंतराने होतो, आडोशाने नाही. दोन्ही बुरुजांवरच्या टोळ्यांत ५० फूट ठेवा, एका गोळ्यात दोन्ही सापडणार नाहीत. बगबेअर दरवाज्याआड, दुसऱ्या लाटेला. पहिला फायरबॉल मात्र पडू द्या, त्या खेळाडूने त्यासाठीच विझार्ड घेतलाय.

प्रतिसाद ३
५० फूट अंतरावरचे बुरूज म्हणजे गोमुख कसलं, चौक झाला! बुरूज जवळच ठेवा, दुसरी टोळी मागच्या तटावर बसवा. जंग्या (तटातली मारा करायची भोकं) विसरू नका. जंगीआडचा गॉब्लिन म्हणजे तीन-चतुर्थांश कव्हर (आडोसा), एसी (वार लागायला फाशाने गाठायचा आकडा) १५चा थेट २०. दरवाज्याच्या आत देवड्या करा, पहारेकरी तिथून बाहेर येतील. चोरदिंडी एखादी ठेवा, मागच्या तिघांना ती शोधायला लावा.

धागाकर्ता
तिघांचेही आभार. अर्ध्या इंचाचा तट नक्की. दुसरी टोळी मागच्या तटावर हेही पटलं. चोरदिंडी कड्याच्या बाजूला टाकतो.
एक राहिलंच. आमच्यातल्या एकाने मित्रराजाकडून हत्ती मागून ठेवलाय, दरवाजा फोडायला. मी तेव्हा हो म्हणालो. मिनीचा बेस ३ इंच, वाट २ इंच. आता काय करू?

प्रतिसाद २
येऊ द्या. हत्ती ह्यूज (तीन चौकटी रुंद) आहे, १० फुटी वाटेत तो अंग चोरून शिरू शकतो. पण प्रत्येक फुटाला जादा फूट, त्याच्या हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हांटेज (दोन फाशांतला कमी आकडा), त्याच्यावरच्या हल्ल्याला अ‍ॅडव्हांटेज (दोनातला जास्त). धावत येऊन धडक मारायला २० फूट सरळ लागतात, ते वळणावर मिळणार नाहीत. गोमुख त्याचसाठी तर असतं. मिनी वाटेच्या तोंडाशी अर्ध्या इंचाच्या तटावर टेकवून ठेवा.