‘हा जांग’ लूप: सेमी-ऑटोमॅटिक की स्कूटर?

प्रश्न: व्हिएतनाममधल्या ‘हा जांग’ भागातला लूप (डोंगरातली गोल फेरी), ४ दिवस, साधारण ३५० किमी. भाड्याने ११० सीसीची सेमी-ऑटोमॅटिक घ्यावी की स्कूटर? आपलं आयडीपी (आंतरराष्ट्रीय वाहन परवाना) चालेल ना?

उत्तर १: सेमीच घ्या. क्लच लिव्हर नाही. स्प्लेंडरसारखे चारही गिअर पुढे दाबून पडतात. मा पी लेंग खिंडीच्या उतारावर दुसऱ्यात ठेवा, इंजिन गाडी धरतं. स्कूटरवर बराचसा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की पकड जाते. मग थांबून गार होऊ द्या, पाणी ओतू नका.

उत्तर २: आधी कागद बघा! भारताचं आयडीपी १९४९च्या रस्ते वाहतूक करारातलं, व्हिएतनाम १९६८च्या करारातलं मानतं, म्हणून आपलं तिथे चालत नाही. अपघात झाला तर विमाही हातचा जाईल. त्यापेक्षा स्थानिक चालकाच्या मागे बसा. वाटेतल्या न्यो क्वे नदीची हिरवी दरी तरी डोळे भरून बघाल.

उत्तर ३: तिथे उजवीकडून चालवतात. आंधळ्या वळणावर हॉर्न द्याच.